दुपारची नीज

दाराची कडी वाजू नये म्हणून पंचशीलानं ती पदराच्या टोकात धरून हळूच ओढली आणि नागसेनला खांद्यावर टाकून ती अंगणात उतरली. आत निवृत्ती नुकताच आडवा झाला होता. रात्रभर टँकर चालवून, तीन गावांच्या विहिरींत पाणी सोडून तो उन्हं वर आल्यावर घरी परतला होता. चुलीपाशी बसून त्यानं भाकरीचे चार घास खाल्ले आणि तिथंच, हात न धुताच, कलंडला. संध्याकाळी त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं होतं. तोवर त्याला झोप मिळायला हवी होती. खोली एकच होती आणि नागसेन टक्क जागा होता.

अंगणात एक कडुलिंब होता. त्याच्या सावलीत ती फेऱ्या घालू लागली. लिंबापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून पुन्हा लिंबापर्यंत. चैत्र सरत आला होता आणि जमीन चपलेतून पोळत होती. नागसेनला सहावा महिना लागला होता. दिवसा तो झोपायचा तो फक्त खांद्यावर, तेही चालत्या खांद्यावर. ती थांबली की त्याला कळायचं. बसली की तो मान उचलायचा. झोळीत ठेवायला वाकली की तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरून किंचाळायचा. रात्री तर त्याचा दिवसच उगवायचा. निवृत्ती टँकरवर, खोलीत मायलेकरं दोघंच. तो आढ्याकडं बघत पाय झाडायचा, मग रडायचा, पाजलं की गप्प व्हायचा आणि पुन्हा रडायचा. उजाडता उजाडता दोघांचा डोळा लागे, तो निवृत्तीच्या पायांच्या आवाजानं मोडे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. उस्मानाबादेहून कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले आणि गावात रिकामी खोली दिसेनाशी झाली. ज्याच्या घराला दोन दारं होती त्यानं त्यातलं एक सरकारला भाड्यानं दिलं. वर सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेलेला. खेड्यांतल्या विहिरी आटल्या तसे टँकर सुरू झाले आणि निवृत्तीला अण्णारावाच्या टँकरवर काम लागलं. गावाबाहेरच्या विहिरीवर मोटार होती, पण लाईट यायची ती रात्री. त्यामुळं टँकर भरायचा तो रात्रीच. खोली अण्णारावानंच दाखवली, आपल्या चुलतीच्या घरामागची. पत्र्याची, खिडकी नसलेली, पूर्वी पेंडीची पोती ठेवायची.

चुलतीचं नाव सिद्धम्मा. विधवा बाई, पोरं पुण्याकडं नोकरीला, पुढच्या घरात एकटी राहायची. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. पहिल्या दिवशी तिनं आपल्या उंबऱ्यातूनच विचारलं होतं, "नाव काय म्हणलीस?"

"पंचशीला."

त्या नावात जे कळायचं ते सिद्धम्माला कळलं. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "हौदाला हात लावायचा न्हाई. पाणी मी काढून देत जाईन."

पंचशीलानं 'हाव' म्हणत मान डोलावली. दुसरी खोली कुठं होती? निवृत्तीच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. मुदखेडला माहेरी बाप रेल्वेतून निवृत्त होऊन भावाच्या दोन खोल्यांत राहत होता आणि भावजयीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाचं माहेरपण संपवून ती चार महिन्यांपूर्वी इथं आली होती, आणि आल्यापासून या अंगणाचीच झाली होती.

सल्ले सगळ्यांनी दिले. कुणी जायफळ उगाळून चाटवायला सांगितलं, कुणी दृष्ट काढायला. कुणी म्हणालं दिवसा झोपूच देऊ नको म्हणजे रात्री झोपेल, तर कुणी म्हणालं दिवसा नीट झोपलं तरच रात्री झोपतं. तिनं सगळं करून पाहिलं. जायफळानं त्याला फक्त शिंका आल्या.

ऊन फारच चढलं की ती रस्त्यापलीकडच्या नव्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. मोठ्या घराचीच कचेरी केलेली होती. पाटीवरचा रंग अजून ताजा दिसायचा. आत पंखे फिरायचे, टंकयंत्रं खडखडायची आणि त्या आवाजात नागसेन कधी कधी खांद्यावर मान टाकायचा. शिपाई पहिले काही दिवस काही बोलला नाही. मग एकदा त्यानं विचारलं की बाई, तुमचं काम काय आहे. काम नाही म्हटल्यावर तो म्हणाला, साहेब विचारतात, मला बोलणी बसतात. तो वाईट माणूस नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

सिद्धम्माचीही तक्रार होतीच. सकाळी तिची लिंगपूजा चालायची, तेव्हाच नेमकं पोर रडायचं. दुपारी तिचं डोकं दुखायचं. ती खिडकीतून म्हणायची, "पोरी, त्याला गप कर की गं. माझा जीव थाऱ्यावर राहीना." पंचशीला लिंबाखालून निघून मागच्या बोळात जायची. बोळात सावली नव्हती.

वैशाख लागला आणि एका सकाळी निवृत्ती वेळेवर आला नाही. तो आला तेव्हा कपाळाला पट्टी होती आणि शर्टवर चिखल. पहाटे औशाच्या बाजूला जाताना त्याचा डोळा लागला होता. टँकर रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरला आणि एका अंगावर कलला. त्याला फार लागलं नाही. पण मागचा व्हॉल्व्ह तुटला आणि सगळं पाणी वाहून गेलं. जवळच्याच गावातल्या बाया घागरी घेऊन वाट बघत होत्या. आवाज ऐकून त्या पळत आल्या. चारीतलं पाणी मातीत मुरेपर्यंत त्या फडक्यांनी, वाट्यांनी, हातांनी ते भरत राहिल्या.

हे सांगून झाल्यावर निवृत्ती भिंतीला टेकला. मग म्हणाला, "अण्णाराव म्हणला, पुन्हा असं झालं तर सीट दुसऱ्याला देतो." थोड्या वेळानं म्हणाला, "सीटचं जाऊ दे. मला कळलंच न्हाई गं, मी कवा निजलो. डोळे उघडेच हायत असं वाटून राहिलं होतं."

पंचशीलानं पोराला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी ती नागसेनला घेऊन संध्याकाळपर्यंत बाहेर होती. बसस्टँडवर बसली, दवाखान्याच्या बाकावर बसली, कुणी विचारलं की उठली. परत आली तेव्हा पोराचं अंग उन्हानं तापलेलं होतं आणि निवृत्ती दारात बसलेला. तोही झोपला नव्हता. पोरगं कुठं गेलं, या काळजीनं त्याचा डोळा लागला नव्हता.

बोळाच्या टोकाला गुणाबाई राहायची. रोजगार हमीच्या रस्त्यावर ती खडी फोडायला जायची. हाताची बोटं चुन्यासारखी पांढरी पडलेली. संध्याकाळी कामावरून येताना ती पंचशीलाला रोज फेऱ्या घालताना बघायची. त्या दिवशी ती थांबली. पोराच्या गालाला हात लावला, पंचशीलाच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाय, तू पडशील आता."

पंचशीला तिच्यापाशी रडली. लातुरात आल्यापासून कुणापाशी रडली नव्हती ती.

गुणाबाईनं कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून कागदाची एक बारीक पुडी काढली. आत काळी, चिकट गोळी होती. पंचशीलाला ती ओळखू आली. मुदखेडला म्हातारी माणसं गुडघेदुखीला घ्यायची.

"मावशी, ही अफू हाय."

"हाय ना. आमी लेकरं काय निजवली न्हाईत का?" गुणाबाई म्हणाली. "खडी फोडाया जायाचं तर लेकरू बांधावर टाकावं लागतं. जागं असलं तर रांगत हातोड्याखाली येतंय. त्यापरीस निजलेलं बरं. मोहरीएवढीच दे. दुधात कालवून. जास्त देऊ नको."

पंचशीलानं पुडी घेतली आणि डाळीच्या डब्यामागं ठेवून दिली. दोन दिवस ती तिथंच पडून राहिली. या दोन दिवसांत निवृत्ती जे झोपला ते तुकड्यातुकड्यांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवताना त्याचा हात घास घेऊन तोंडापर्यंत गेला आणि तसाच थांबला. तो बसल्या जागी झोपला होता. पंचशीलानं त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला, त्याला आडवं केलं आणि उठून डब्यामागची पुडी घेतली.

मोहरीएवढीच दिली. चमच्यातल्या दुधात बोटानं विरघळवली. नागसेननं तोंड वाकडं केलं, पण गिळली. ती त्याला मांडीवर घेऊन वाट बघत बसली. काहीच झालं नाही. तो तिच्या बांगड्यांशी खेळत होता. मग नेहमीसारखा कुरकुरू लागला. पलीकडं निवृत्तीनं कूस बदलली. तिला वाटलं, कमी पडली असावी. तिनं अजून तेवढीच दिली.

थोड्या वेळानं नागसेनच्या पापण्या जड झाल्या. मान कलली. ती श्वास रोखून उठली आणि त्याला झोळीत ठेवायला वाकली. त्यानं पोत धरली नाही. तो झोळीत गेला आणि झोपूनच राहिला. ती उभी राहून बघत राहिली. खोलीत निवृत्तीच्या घोरण्याशिवाय आवाज नव्हता. भांडी घासायची होती, धुणं होतं, पण ती फक्त टेकावं म्हणून भिंतीशी बसली, आणि बसल्या बसल्या तीही झोपली.

त्या पत्र्याच्या खोलीत राहायला आल्यापासून तिघं एकाच वेळी झोपल्याची ती पहिली दुपार.

सिद्धम्मा पुढच्या घरात सुपात तूर पाखडत होती. ती पाखडता पाखडता मध्येच थांबली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं, पण काय ते कळेना. तिनं सूप खाली ठेवलं. अंगणात बघितलं तर लिंबाखाली कुणी नव्हतं. बोळात नव्हतं. उन्हं कलायला लागली होती आणि सकाळपासून पोराचा आवाज नव्हता. ती मागच्या खोलीच्या दारापाशी आली. तिनं हाक मारली. कडी वाजवली. मग दार ढकललं आणि ही माणसं राहायला आल्यापासून ज्या उंबऱ्याला कधी पाय लावला नव्हता तो ओलांडून आत गेली.

झोळीत हात घालून तिनं पोराला उचललं. त्याचे ओठ काळसर पडले होते आणि मान लुळी होती.

"ऊठ," तिनं पंचशीलाला पायानंच हलवलं, कारण दोन्ही हात पोराखाली होते. "ऊठ गं पोरी. ह्याच्याकडं बघ."

मग काय झालं ते पंचशीलाला पुढं कधी सलग आठवलं नाही. निवृत्ती अनवाणी पळाला. सिद्धम्मानं रस्त्यातली रिक्षा हात आडवा करून थांबवली. रिक्षात पोर निवृत्तीच्या मांडीवर होतं आणि पंचशीला त्याच्या छातीला कान लावून होती. कानात रिक्षाचाच आवाज येत होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, डोळ्याची पापणी वर करून बॅटरी मारली आणि विचारलं की काय पाजलं होतं. निवृत्ती म्हणाला, "दूधच, साहेब. अंगावरचंच पितंय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. भोवती माणसं जमली होती. दुसऱ्या खाटांवरच्या बाया, त्यांचे नवरे, झाडलोट करणारी बाई. गुणाबाईचं नाव तोंडावर आलं होतं ते पंचशीलानं गिळलं.

"अफू दिली," ती म्हणाली. "मोहरीएवढी. दोनदा. मीच दिली."

निवृत्तीनं वळून तिच्याकडं बघितलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, असल्याही आया असतात. नर्स कस्तुराबाईनं त्या बोलणाऱ्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांना रागवायला वेळ नव्हता. नळी घालून पोट धुतलं, इंजेक्शन दिलं, नाकाशी ऑक्सिजन लावला. मग ते पंचशीलाला म्हणाले की आता एकच काम, याला झोपू द्यायचं नाही. झोपला तर श्वास घ्यायचा विसरेल. तळपायाला टिचक्या मारत राहायच्या, तो रडेपर्यंत.

पंचशीलानं नागसेनचे पाय हातात घेतले. चार महिने ज्याला झोप यावी म्हणून ती चालत होती, त्याच्या तळव्यांवर ती आता टिचक्या मारू लागली. तो डोळे किलकिले करायचा, तोंड रडवेलं करायचा, आवाज निघायचा नाही, पुन्हा डोळे मिटायचे. "ऊठ रे बाबा," ती म्हणत राहिली. "निजू नको. रड. रड की रे." तळवे लाल झाले. तिची बोटं थकली की निवृत्ती मारायचा. त्याची बोटं मोठी होती, ग्रीसनं काळी पडलेली. तो हळू मारायचा. कस्तुराबाई म्हणायची, जोरात मारा, दया करू नका. मग तो तोंड फिरवून मारायचा.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं आणि गेलं. दिवे लागले. आणि मग नागसेननं छाती भरून श्वास घेतला आणि टाहो फोडला. सगळा वॉर्ड दणाणला. कस्तुराबाईनं हातातला ट्रे खाली ठेवला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, रडू द्या, चांगलं रडू द्या. पंचशीला त्याच्या पायांवर कपाळ टेकून बसली होती. तो तिच्या केसांत लाथा झाडत रडत होता.

दोन दिवसांनी ती त्याला घेऊन घरी आली. निवृत्तीनं तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तो अण्णारावाकडं गेला आणि दिवसाची पाळी मागितली. अण्णाराव म्हणाला की लाईट रात्रीच येते, ती काय माझ्या हातात आहे, आणि सीटसाठी दारात माणसं उभी आहेत. परत येऊन निवृत्तीनं सतरंजी गुंडाळली.

"मी टँकरातच निजत जाईन," तो म्हणाला. "विहिरीपाशी चिंच हाय. सावली चांगली ऱ्हाती. खोली तुम्हा दोघांला ऱ्हाऊ दे."

"आन् जेवण?"

"येत जाईन की."

पण परत येण्यात झोपेचाच वेळ जायचा. म्हणून ती भाकरी घेऊन जाऊ लागली.

गुणाबाई एकदा बोळात समोरून आली आणि खाली मान घालून उभी राहिली. म्हणाली की तू माझं नाव घेतलं न्हाईस म्हणून ऐकलं. पंचशीला म्हणाली, "दिली मीच ना, मावशी." त्यानंतर दोघींत तो विषय निघाला नाही. सिद्धम्मानंही पुन्हा पोराच्या रडण्याची तक्रार केली नाही. उलट पोर बराच वेळ गप्प असलं की ती सूप खाली ठेवून अंगणात यायची, लांबूनच बघायची आणि आत जायची. हौदाचं पाणी मात्र ती पूर्वीसारखी स्वतःच काढून वरून ओतत राहिली.

नागसेनची झोप काही सुधारली नाही. तो तसाच होता, चालत्या खांद्यावर झोपणारा. फरक पडला तो पंचशीलाला. तो जागा असला की तिला थकवा यायचा आणि झोपला की भीती वाटायची.

वैशाखातल्या एका दुपारी ती भाकरीचं फडकं हातात आणि पोर खांद्यावर घेऊन विहिरीकडं निघाली. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंच्या शेतांना उभ्या आडव्या भेगा पडलेल्या. अर्ध्या वाटेत नागसेनचा श्वास जड झाला आणि त्याचं डोकं तिच्या मानेवर टेकलं. ती चाल न बदलता चालत राहिली.

टँकर चिंचेखाली उभा होता. केबिनचं दार उघडं होतं आणि निवृत्तीचे पाय बाहेर लोंबत होते, धुळीनं पांढरे. तो उताणा झोपला होता. कपाळावरची पट्टी निघाली होती, तिथं नवी कातडी गुलाबी दिसत होती. हाक मारली असती तर तो लगेच उठला असता. तिनं हाक मारली नाही. फडकं स्टिअरिंगला अडकवलं आणि मागं सरून चिंचेखाली आली.

खाली बसायला चांगली जागा होती. बुंध्याशी कुणीतरी दगड मांडून ठेवला होता, पाणी भरायला येणारे ड्रायव्हर त्यावर बिड्या ओढत बसायचे. पण ती बसली की नागसेन जागा होणार आणि तो रडला की निवृत्ती. ती उभीच राहिली. एक पाय दुसऱ्यावर घेत, जरा डुलत. खांद्यावरच्या पोराची पाठ तिच्या तळव्याखाली वर येत होती आणि खाली जात होती. केबिनमध्ये निवृत्तीचा मळका बनियन तसाच वर येत होता, खाली जात होता. ती आळीपाळीनं दोन्हीकडं बघत होती.

सावली सरकली तशी तीही थोडी सरकली.